मलबार हिल : तीर्थाची टेकडी, धनिकांचा पत्ता

मुंबईच्या बॅक बेला पूर्वेकडून कुलाब्याची आणि पश्चिमेकडून मलबार पॉइंटची भूशिरे कवेत घेतात. कुलाब्याची जमीन सखल, बरीचशी भर घालून मिळवलेली. मलबार पॉइंटची मात्र अस्सल कातळाची. दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा एक लांबट कणा इथून सुरू होऊन खंबाला हिलपर्यंत जातो, महालक्ष्मीपाशी खंडित होतो आणि वरळीला पुन्हा डोके वर काढतो. या खडकाचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. त्यामुळे नेपियन सी रोडच्या बाजूचा उतार सौम्य आहे, तर चौपाटीकडची बाजू जवळजवळ कड्यासारखी तुटलेली आहे. उंची म्हणावी तर पन्नासेक मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही टेकडी म्हणायलाही संकोच वाटेल. पण बाकीचे दक्षिण मुंबई बेट भरतीच्या पाण्याशी झगडत होते, त्या काळात एवढीशी उंचीही फार मोलाची होती. तीर्थ, स्मशान, लाटसाहेबाचा बंगला आणि शहराचा पाणीसाठा हे सगळे या उंचीच्या आणि कातळाच्या आधाराने इथे आले. श्रीमंतांची वस्ती या यादीत सर्वांत शेवटची.

टेकडीच्या दक्षिण टोकाजवळचे वाळकेश्वर हे मूळ स्थान. सीतेच्या शोधात निघालेला राम इथे थांबला, शिवपूजेसाठी त्याने वाळूचे लिंग घडवले आणि तहान भागवण्यासाठी बाण मारून पाताळातून पाणी काढले, अशी स्थळकथा आहे. मंदिर आणि बाणगंगा तलाव शिलाहारांच्या काळातले मानले जातात. उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत टिकली, आणि तलावाचे बांधकाम ११२७ मध्ये त्यांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू या मंत्र्याने केले, असे परंपरा सांगते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तलावाचे पाणी गोडे आहे, कारण तो जिवंत झऱ्यावर बांधलेला आहे. यात्रेकरूंचा मार्ग चौपाटीकडून चढणाऱ्या सिरी रोडने येई. मलबार पॉइंटच्या अगदी टोकाला श्रीगुंडी नावाचा फटीचा खडक होता. त्या फटीतून पार झाले की पाप धुतले जाते, अशी श्रद्धा. शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे यांनीही हा विधी केल्याच्या आख्यायिका इंग्रजांच्या काळातील लेखकांनी आवडीने टिपून ठेवल्या आहेत. या टोकाशी मलबार किनाऱ्यावरून येणाऱ्या गलबतांचा आणि यात्रेकरूंचा संबंध जोडला जातो, आणि टेकडीचे आजचे नावही त्यातूनच रूढ झाले असे मानतात. जुन्या मुंबईकर मराठी माणसाच्या तोंडी मात्र अजूनही ‘वाळकेश्वर’च असते.

पोर्तुगीज अमलात जुने देऊळ पाडले गेले. ते पुन्हा उभे केले रामा कामत यांनी, १७१५ मध्ये. हा गौड सारस्वत व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीच्या अत्यंत विश्वासातला होता आणि कंपनीच्या एतद्देशीय शिपायांवरही त्याची हुकमत चाले. १७१८च्या नाताळात फोर्टमधील सेंट थॉमस चर्चचे उद्घाटन झाले, तेव्हा कामत आपल्या ज्ञातिबांधवांसह तिथे गेले आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे राहिले, असे तिथल्या पाद्र्याने लिहून ठेवले आहे. दोन वर्षांच्या आत याच माणसावर कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा खटला भरला गेला. आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमा फसल्या होत्या आणि गव्हर्नर चार्ल्स बून यांना त्या अपयशाचा धनी हवा होता, असाच या प्रकरणाचा अर्थ लावावा लागतो. कामतांना जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८च्या सुमारास कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. पुराव्यादाखल दाखवलेली पत्रे बनावट होती, हे नंतर उघड झाले. मुंबईच्या सर्वांत महागड्या टेकडीवरचे सर्वांत महत्त्वाचे देऊळ राजद्रोही ठरवलेल्या माणसाने बांधलेले आहे, ही गोष्ट तिथे जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते.

बाणगंगेचा परिसर आजही गौड सारस्वत समाजाच्या मंदिर न्यासाकडे आहे. गोव्यातील कवळे मठाची शाखा आणि काशी मठ हे दोन्ही याच काठावर आहेत. काशी मठाच्या माधवेंद्र तीर्थ स्वामींनी १७७५ मध्ये इथे समाधी घेतली. पलीकडे दशनामी गोसाव्यांच्या समाध्या, धर्मशाळा, लहानमोठी देवळे आणि समुद्राकाठी हिंदूंची स्मशानभूमी. दगडी पायऱ्या, दीपमाळा आणि दाटीवाटीची घरे पाहिली की हे मुंबईत असूनही कोकण-गोव्यातले एखादे तीर्थक्षेत्र वाटते. पायऱ्यांवर पितरांचे श्राद्ध घालणारे लोक असतात, आणि त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला तीस-चाळीस मजल्यांच्या इमारती.

मृतांसाठीची दुसरी मोठी जागा टेकडीच्या उत्तर अंगाला, पारशी समाजाची डुंगरवाडी. इंग्रज मुंबईत नुकतेच स्थिरावत असताना, १६७०च्या दशकात, मोदी हिरजी वाच्छा यांनी इथला पहिला दखमा, म्हणजे गिधाडांसाठी मृतदेह उघड्यावर ठेवण्याची वास्तू, बांधवला. त्या वेळी ही जागा वस्तीपासून दूर, उंच आणि निर्जन होती, आणि पारशी अंत्यविधीला नेमके तेच हवे असते. पुढे आणखी दखमे झाले आणि सुमारे ५४ एकरांचे राखीव जंगल तयार झाले. १९९०च्या दशकात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभरातील गिधाडे मरू लागली, तेव्हा या विधीचा पायाच डळमळला. दखम्यांवर सौरऊर्जा एकवटणाऱ्या आरशांची योजना आली. गिधाडांची पैदास इथेच करावी का, दहनाला मान्यता द्यावी का, यावर समाजात तीव्र वाद झाले, आणि २०१५ मध्ये वरळीला दहन करू इच्छिणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. गिधाडे गेली तरी जंगल टिकले. मोर आणि घारी तिथे आजही दिसतात.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत देवळे आणि दखमे सोडले तर टेकडीवर झाडीच होती. १८२२ मध्ये एक वाघ इथून उतरून गोवालिया तलावावर पाणी प्यायला आल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. इंग्रज तोवर किल्ल्याच्या तटबंदीत राहत, आणि ज्यांना मोकळी हवा हवी ते भायखळा, माझगाव, परळकडे जात. मलबार पॉइंटवर राहण्याची टूम काढली ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी. पेशवाई बुडवून ते १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. परळच्या सरकारी निवासाला पर्याय म्हणून त्यांनी या टोकावर साधासा बंगला बांधला. तीन बाजूंनी समुद्र आणि दिवसभर वारा. गव्हर्नर जिथे उन्हाळा काढतो तिथे बाकीच्या साहेबलोकांनाही जमीन हवीशी वाटू लागली. एल्फिन्स्टन यांच्या आधीचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांचे नाव पश्चिम उतारावरच्या रस्त्याला मिळाले. अधिकृत नाव आता लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग असले तरी टॅक्सीवाल्याला नेपियन सी रोडच सांगावे लागते.

खरा बदल घडला १८६०च्या दशकात, आणि त्याची कारणे टेकडीबाहेरची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि चार-पाच वर्षांत शहरात अतोनात पैसा ओतला गेला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले. फोर्ट राहण्याचे ठिकाण न उरता कचेऱ्यांचे ठिकाण होऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि बॅक बे बुजवण्याच्या कंपनीसह अनेक पेढ्या बुडाल्या, पण तोवर टेकडीवर बंगल्यांची रांग उभी राहिली होती. तिथे राहायचे तर पदरी घोडागाडी हवी. ट्रामचा मार्ग गोवालिया टँकपाशी संपे, चढण चढत नसे. भिंत न बांधताही वस्ती निवडक राहिली, ती या चढामुळे. रोगराईचा संबंध दुर्गंधी आणि दमट हवेशी जोडणाऱ्या त्या काळाला उंचावरचा समुद्री वारा म्हणजे औषधच वाटत असे.

या समजुतीला एका मृत्यूने बळ दिले. १८८२च्या जानेवारीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या सरकारी निवासात पटकीने वारल्या. परळ तोवर गिरण्यांनी वेढले जाऊ लागले होते. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम कायमचा मलबार पॉइंटवर हलला. रिकाम्या झालेल्या परळच्या वास्तूत पुढे हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. एकाच शहराच्या दोन टोकांचे पुढचे शंभर वर्षांचे नशीब इथे वेगळे झाले असे म्हणता येईल : परळ कामगारांचे, मलबार हिल मालकांचे.

उंचीचा आणखी एक उपयोग अभियंत्यांनी ओळखला. विहारचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये. तलावातून नळाने येणारे पाणी एखाद्या उंच जागी साठवले तर पुढे ते पंपाविना, नुसत्या उताराने घरोघरी पोचते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत टेकडीच्या माथ्यावर दगडी बांधणीचा प्रचंड जलाशय बांधला गेला. आज त्याची क्षमता सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर आहे, आणि फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोडपासून कुलाब्यापर्यंतचे नळ त्यावर अवलंबून असतात. जलाशयाच्या छतावर माती घालून बाग केली, तेच हँगिंग गार्डन. नाव फिरोजशहा मेहता यांचे, ओळख झुडपे कापून केलेल्या हत्ती-घोड्यांची. शेजारच्या डुंगरवाडीवर घिरट्या घालणाऱ्या गिधाडांपासून पाणी सुरक्षित राहावे म्हणून छत घातले, असे नेहमी सांगितले जाते. पिण्याच्या पाण्याचा साठा कुठेही झाकावाच लागतो, त्यामुळे या कथेवर फार विसंबण्याचे कारण नाही.

मलबार हिल ही गोऱ्यांची वस्ती होती, हा समज अर्धाच खरा आहे. राहणारे साहेब बरेच असले, तरी बंगल्यांचे मालक पुष्कळदा पारशी, भाटिया, कपोळ किंवा बोहरी असत. विसाव्या शतकाच्या आरंभी हे मालक स्वतःच राहायला येऊ लागले. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांचा पेटिट हॉल हा त्यांतला सर्वांत डौलदार. आज त्या नावाची उत्तुंग इमारत उभी आहे, हवेली नाही. रिज रोडवर १९०४ मध्ये बाबू अमीचंद पन्नालाल यांच्या नावाचे आदीश्वर जैन मंदिर झाले. संस्थानिकांनीही मुंबईत मुक्कामाची घरे घेतली. कच्छ कॅसलचे नाव नेपियन सी रोडवर बसथांब्यापुरते का होईना टिकून आहे.

पेटिट घराण्यातील रतनबाई ऊर्फ रत्ती हिने १९१८ मध्ये महंमद अली जीना यांच्याशी लग्न केले आणि माउंट प्लेझंट रोडवरच्या साउथ कोर्ट बंगल्यात ती राहायला आली. १९२९ मध्ये ती वारली. जीनांनी जुना बंगला पाडून १९३६ मध्ये त्याच जागी नवे घर बांधले. त्याचे वास्तुकार जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे क्लॉड बॅटली. इटालियन संगमरवर, अक्रोडाच्या लाकडाचे काम, अडीच एकरांचे आवार. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी त्याच रस्त्यावरच्या बिर्ला हाउसमध्ये उतरले होते आणि तिथून जीनांच्या घरी बोलणी करायला जात. ही बोलणी ९ तारखेपासून २७ तारखेपर्यंत चालली आणि निष्फळ ठरली. बिर्ला हाउसमध्येच १५ डिसेंबर १९५० रोजी सरदार पटेलांचे निधन झाले. फाळणीनंतर जीनांचे घर सरकारच्या ताब्यात आले. त्या घराविषयीची जीनांची भावना पाकिस्तानातील भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी दिल्लीला कळवली होती. पुढे अनेक वर्षे तिथे ब्रिटिश उपउच्चायुक्तांचे निवासस्थान होते. ते गेल्यापासून वास्तू बहुतांशी बंद पडून राहिली. जीनांच्या मुलीने २००७ मध्ये न्यायालयात हक्क सांगितला, पाकिस्ताननेही वेळोवेळी मागणी केली. मुंबईत सोन्याहून महाग असलेली अडीच एकर जमीन इतकी दशके कोणाच्याच वापरात नसणे, ही राजकारणाचीच किमया.

हेच श्रीप्रकाश पुढे मुंबईचे राज्यपाल झाले. १९६० मध्ये ३० एप्रिलच्या मध्यरात्री मलबार पॉइंटच्या राजभवनावर त्यांच्या उपस्थितीत पंडित नेहरूंनी महाराष्ट्र राज्याच्या नकाशाचे अनावरण केले. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलल्या गेल्या त्या फ्लोरा फाउंटनच्या रस्त्यांवर. राज्य जाहीर झाले ते गव्हर्नरांच्या जुन्या समुद्रकाठच्या हिरवळीवर. त्याच आवारात २०१६ मध्ये तेरा खोल्यांचे भुयार सापडले. तोफखान्याच्या सोयीसाठी बांधलेले ते भुयार पुढे संग्रहालय म्हणून खुले झाले.

नव्या राज्याने टेकडीवरचे सरकारी बंगले मंत्र्यांना दिले. यशवंतराव चव्हाण ‘सह्याद्री’वर राहत. डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक मात्र आपल्या ‘वर्षा’ बंगल्यातच राहिले, आणि तेव्हापासून ‘वर्षा’ ही मुख्यमंत्रिपदाची खूण झाली. ‘वर्षावर खलबते’, ‘सह्याद्रीवर बैठक’, ‘रामटेक कोणाला?’ हे मथळे मराठी वाचक रोज वाचतो. रामटेक बंगला लाभत नाही, अशी कुजबुज मंत्रिमंडळाच्या प्रत्येक शपथविधीनंतर नव्याने सुरू होते. मुंबईत मराठी सत्तेचा पत्ता मलबार हिल असला, तरी तिथल्या घराघरांत बोलली जाणारी भाषा मुख्यतः गुजराती, मारवाडी आणि इंग्रजी आहे. मराठी बोलले जाते ते बाणगंगेच्या गल्ल्यांत, पोलीस चौक्यांत, बंगल्यांच्या मागच्या कर्मचारी खोल्यांत.

बंगल्यांची जागा इमारतींनी घेतली ती प्रामुख्याने १९५० ते १९८० या काळात. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे घर भाड्याने देणे परवडेनासे झाले. त्याऐवजी मालकीचे फ्लॅट विकणे आणि सहकारी सोसायट्या करणे सोयीचे ठरले. पालनपूरकडच्या जैन हिरे व्यापाऱ्यांनी याच दशकांत ऑपेरा हाउसजवळ पेढ्या आणि वाळकेश्वर-नेपियन सी रोडवर घरे घेतली. त्यांच्याबरोबर शाकाहाराचा दंडक आला. अनेक सोसायट्यांत मांसाहारी कुटुंबाला घर मिळणे अवघड झाले, काही उपाहारगृहांनी आपले खाद्यपदार्थ बदलले. पुढे दादर-गिरगावात या विषयावरून राजकीय वाद पेटले, पण त्याची सुरुवात बरीच आधी या चढावर झाली होती.

किमतींचे आकडे ऐकायला चमत्कारिक वाटतात. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचा ‘मेहरांगीर’ बंगला २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटी रुपयांना विकला गेला. त्याचे स्मारक व्हावे ही मागणी मान्य झाली नाही आणि २०१६ मध्ये तो पाडला गेला. शेजारच्याच एका जुन्या बंगल्याचा सौदा २०१५ मध्ये ४२५ कोटींना झाला. २०२३ मध्ये समुद्राकडे तोंड असलेला तीन मजली एक फ्लॅट ३६९ कोटींना गेला. या भावांचे कारण नुसता समुद्र नाही. वरळी आणि वांद्र्यालाही समुद्र आहे. टेकडीवरची जमीन मुळातच थोडी, आणि तिचा मोठा हिस्सा बाजारात कधी येणारच नाही असा आहे : राजभवनाचे सुमारे ५० एकर, डुंगरवाडीचे ५४, जलाशय आणि बागा, मंत्र्यांचे बंगले, बाणगंगेची देवस्थाने, जीनांचे बंद घर. झाडी, शांतता आणि मोरांचा आवाज यांचे पैसे फ्लॅट घेणारा मोजतो. त्या गोष्टी राखल्या आहेत त्या मात्र देवांनी, मृतांनी आणि सरकारने.

उरलेल्या मुंबईलाही या टेकडीवर यायला काही जागा आहेत. १९५२ मध्ये झालेल्या कमला नेहरू पार्कमधला ‘म्हातारीचा बूट’ महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या सहलींच्या फोटोंत आहे. तिथून मरीन ड्राइव्हची वळणदार दिव्यांची रांग दिसते आणि १०६ क्रमांकाची बस थेट बागेपाशी आणून सोडते. मार्च २०२५ मध्ये याच परिसरात झाडांच्या उंचीवरून जाणारी सुमारे ४८५ मीटरची लाकडी पायवाट खुली झाली. पहिल्या दिवसांपासून तिथे गर्दी लोटली, तीही बहुतेक टेकडीखालच्या लोकांची.

टेकडीची प्रकृती मात्र पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. ऑगस्ट २०२० मधल्या अतिवृष्टीत बाळासाहेब खेर मार्गालगतचा कडा ढासळला. झाडे मुळांसकट खाली आली, रस्ता दीर्घकाळ बंद राहिला आणि संरक्षक भिंत नव्याने बांधावी लागली. जून २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी बाणगंगेत यंत्र उतरवले गेले आणि तलावाच्या जुन्या दगडी पायऱ्या फुटल्या. ठेकेदारावर गुन्हा नोंदवून पायऱ्या दुरुस्त कराव्या लागल्या. माथ्यावरचा जलाशय पाडून नवा बांधण्याच्या महापालिकेच्या योजनेत ३८९ झाडांवर गदा येणार होती. २०२३ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले, तज्ज्ञांनी जलाशयात उतरून पाहणी केली, आणि पाडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करण्याचा मार्ग पुढे आला. अशी दुरुस्ती करताना एकेक कप्पा रिकामा करावा लागतो, आणि त्या दिवशी गिरगाव-कुलाब्याच्या नळांना पाणी कमी येते.